घंगाळाला टाळ्या

"काका, हे फक्त चिकटवतोय. भांड्याला काही होणार नाही," निखिलेश म्हणाला आणि घंगाळाच्या पोटाला त्यानं रुपयाएवढी एक काळी चकती दाबून बसवली.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं. "काय ते?"

"माइक आहे, काका. तांब्याच्या आतलं ऐकतो."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणालो, "माइक. आतलं ऐकतो म्हणतात." तेव्हा त्यांनी मनगट सोडलं. निखिलेश हसला. त्याला वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे, मुलानं सांगितल्याशिवाय पटत नाही. तसं वाटू देणं हे माझं काम होतं. सहा वर्षं मी ते न चुकता करत होतो.

मग त्यानं दुसरी चकती काढली. डब्याच्या झाकणाएवढी, जड, मागे दोन वायरी.

"आता ही कशाला?" मी विचारलं.

"ही उलटं काम करते. माइकनं पकडलेला आवाज ही परत भांड्यात सोडते. घाव पडला की भांडं त्याच आवाजावर थरथरत राहणार. भांडं स्वतःला ऐकणार! कळतंय का तुला, भालचंद्र, केवढी गोष्ट आहे ही?"

"हो सर," मी म्हणालो. मला घंटा कळलं नव्हतं.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. 'कानोसा' नावाचा महोत्सव होता. प्रायोगिक ध्वनी आणि कला. पुण्यातच, नदीपलीकडच्या एका बंद पडलेल्या छापखान्यात, तीन दिवस. मोठ्या नावांचे कार्यक्रम रात्री. कार्यशाळा आणि आमच्यासारख्यांचे कार्यक्रम दिवसा. फाटकावर एक मुलगी मनगटाला कागदी पट्ट्या बांधत होती. कलाकारांना निळी, पाहुण्यांना हिरवी. आम्हाला तिनं पिवळी बांधली.

"ही कसली?"

तिनं यादीत बघितलं. "कम्युनिटी."

"आम्ही दोघंच आहोत."

"हो, तेच. कम्युनिटी," ती म्हणाली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

पत्रकात छापलं होतं: 'सकाळी साडेअकरा. तांबं: दोन देह, एक धातू. निखिलेश सबनीस. सोबत पारंपरिक कारागीर.' अप्पांनी चष्मा लावून ओळीवरून बोट फिरवलं.

"आपलं नाव कुठाय?"

"हे काय. पारंपरिक कारागीर."

"हे नाव आहे?" अप्पा म्हणाले. "मग तिकडं लिहा की, शहरी माणूस."

वेळ होता म्हणून आम्ही आत फिरलो. एका खोलीत शिडीवर चढून एक दाढीवाला निळ्या पिंपात थेंब थेंब पाणी सोडत होता. खाली तीसेक लोक डोळे मिटून बसलेले. अप्पांनी पाच मिनिटं निरखून पाहिलं.

"हा काय करतोय?"

"पाणी सोडतोय. लोक ऐकतायत."

"नळवाल्याला बोलवा म्हणावं कुणीतरी."

पुढच्या खोलीत जुन्या फ्रीजला माइक लावून मुलं-मुली कानाला यंत्रं लावून बसली होती. "बिघडलाय का?" अप्पांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. "मग बिघडलेलं दुसरंच काहीतरी आहे," अप्पा म्हणाले आणि स्वतःच खुदखुदले. त्या दिवशी अप्पा खुशीत होते. इस्त्रीची बंडी घातली होती, दाढी केली होती.

मी मात्र थेंबवाल्या खोलीत एक बाई ओळखल्या होत्या. आमच्या तांबट आळीसमोरच्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. सकाळी आठला आमचा पहिला घाव पडला की पोलिसांत फोन करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं असायचं. ध्वनिप्रदूषण. दोनदा चौकीवर मी जाऊन उभा राहिलो होतो, हवालदारापुढं, चोरासारखा. त्या बाई इथं थेंब ऐकत बसल्या होत्या, मांडी घालून, दोन्ही तळवे वर करून.

निखिलेश महिनाभर आधी आळीत आला होता. त्याला नुसते ठोके हवे होते. "पत्र्याचा तुकडा घ्या, रिकामं पातेलं घ्या, काहीही चालेल. फक्त वाजवा." अप्पा म्हणाले, "रिकामा घाव मी घालत नाही." आमच्यात तो नियमच. कामाशिवाय हातोडी उचलायची नाही, हात खोटा होतो म्हणतात. निखिलेशनं पुष्कळ समजावलं. शेवटी मीच मधे पडलो. मला जायचं होतं. कुणीतरी आपणहून आमच्या आळीत आलं होतं आणि आवाज बंद करा म्हणत नव्हतं. मी अप्पांच्या मागेच लागलो.

"बरं," अप्पा म्हणाले. "यायचं तर काम घेऊन येईन."

आणि काम त्या वेळी हातात एकच होतं.

कालिकादेवी आम्हा तांबटांची. तिच्या देवळात नवरात्रात अभिषेकाचं पाणी भरायचं घंगाळ तळाशी गळायला लागलं होतं. नवं करायचं ठरलं आणि आळीतल्या सगळ्या हातांतून समाजानं अप्पांचा हात निवडला. एका पत्र्यातून, जोड न देता. काठावर करणाऱ्याचं नाव कोरायचं: त्रिंबक विठोबा करडे. आजोबांना ते मिळालं नव्हतं, पणजोबांना मिळालं नव्हतं. समाजाचे अध्यक्ष दामूकाका वडके, अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि तेवढेच वैरी, भर बैठकीत म्हणाले, "त्रिंबक करील झकास. पण त्याचा कान शाबूत आहे का, ते विचारा आधी." सगळे हसले. अप्पाही हसले. सगळे हसतायत हे बघून हसले.

कारण कान गेला होता.

चाळीस वर्षं दिवसाला हजारो घाव. कमी ऐकू येणं आळीत सगळ्यांनाच असतं, त्याचं कुणी काही मानत नाही. पण कमी ऐकू येणं वेगळं आणि तांब्याचा आवाज न कळणं वेगळं. घाव पडत जातात तसं तांबं कडक होत जातं आणि आवाज चढत जातो. सुरुवातीला बसका, मग खणखणीत, आणि मग एक पातळ, लांबलचक, टोकदार आवाज येतो. तिथं हातोडी थांबलीच पाहिजे. भांडं भट्टीत लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, की तांबं पुन्हा मऊ. त्या आवाजाच्या पुढं गेलात तर भांडं तडकतं. तडकलेलं सांधता येतं. पण सांधलेलं भांडं देवीला चालत नाही.

तो आवाज अप्पांना सहा वर्षांपासून येत नव्हता. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे, माझ्या ओठांवरून सगळ्यात चांगलं. आणि कामाच्या वेळी डावा तळवा भांड्याच्या पोटाला लावून तांब्याचं पुष्कळसं ओळखायचे. उरलेलं मी. मी शेजारी मांडीला मांडी लावून बसायचो, आणि आवाज टोकाला आला की गुडघा लावायचो. अप्पा थांबायचे. कपाळ पुसायचे, जसं काही स्वतःच थांबलेत. आईला बहिरेपण ठाऊक होतं, गुडघा ठाऊक नव्हता. अप्पा आणि मी त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो.

तर असं ते घंगाळ. दोन महिन्यांचं काम. शेवटच्या भट्टीच्या आधीचा घावांचा फेरा बाकी होता, तोच इथं मारायचा, कडक झालं की थांबायचं आणि घरी नेऊन भट्टीला लावायचं. घटस्थापना आठ दिवसांवर होती.

"भालचंद्र, तू तिकडे," निखिलेश म्हणाला.

तिकडे म्हणजे शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्यासाठी तिथं गोणपाट अंथरलं होतं, माझी कळशी आणि हातोडी आधीच नेऊन ठेवली होती.

"सर, आम्ही शेजारी बसतो. नेहमी."

"म्हणूनच तर! डावीकडून काका, उजवीकडून तू, मधे लोक. आवाज लोकांच्या अंगातून आरपार गेला पाहिजे."

"अप्पांना मी जवळ लागतो."

"का?"

त्या 'का'ला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. "वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

"वय? अरे, काका वाघ आहेत वाघ!" त्यानं अप्पांच्या पाठीवर थाप मारली. माझा बाप म्हणजे काय त्याच्या बरोबरीचा होता?

मी अप्पांच्या समोर जाऊन बसलो. "मला तिकडं बसवतायत."

अप्पांनी शेडच्या लांबीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मग?"

"मी हात वर करीन," मी म्हणालो.

सहा वर्षांत पहिल्यांदा ती गोष्ट बोलण्यात आली. अप्पांचे कान लाल झाले. त्यांनी हातोडीचा दांडा फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला.

"बघत राहीन," ते म्हणाले.

साडेअकराला लोक आले. सत्तर तरी असतील. चटयांवर बसले, काही आडवे झाले. महोत्सवाच्या प्रमुख मैथिली मॅडम, खादीची साडी आणि कानात तांब्याच्या चकत्या, माइकवर म्हणाल्या, "आज आपण एक नाहीसा होत चाललेला आवाज ऐकणार आहोत." नाहीसा होत चाललेला! मला वाटलं उठून विचारावं, बाई, पोलिसांत फोन करून करून नाहीसा कोण करतंय? दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या. पण मी कळशी मांडीत घेतली.

अप्पांनी पहिला घाव घातला. मी दुसरा.

काय सांगू. आवाज भिंतींवर जाऊन परत आला, भोंग्यांतून दुप्पट होऊन आला, जमिनीतून आला. निखिलेश मधोमध त्याच्या टेबलाशी उभा राहून बटणं फिरवत होता, मान डोलावत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अप्पा फेरा धरून चालले होते, काठापासून आत, एकाशेजारी एक घाव, मोत्याच्या सरीसारखे. हात त्यांचा आजही आळीत कुणाला नाही.

मग मी बघितलं, त्यांनी डावा तळवा घंगाळावरून उचलला. बंडीला पुसला. पुन्हा लावला. पुन्हा उचलला. त्या झाकणाएवढ्या चकतीनं घंगाळ सारखं थरथरत होतं. अप्पांचा हात थांबला तरी भांडं थांबत नव्हतं. ज्या तळव्यावर माणसानं सहा वर्षं निभावलं, त्याच्याखाली आता नुसता गोंगाट होता. तळवा आंधळा झाला होता. अप्पांनी वर पाहिलं. मी मान हलवली: चालू द्या.

काही वेळानं पुन्हा पाहिलं. पुन्हा मान.

आणि आवाज चढला. पातळ झाला. लांब झाला. निखिलेशनं गर्रकन मान वळवून घंगाळाकडे बघितलं, त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं दोन्ही तळवे वर उचलले, वर, अजून वर, चालू दे. पहिल्या रांगेतल्या एका माणसाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अप्पांनी तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं. निखिलेशनं मला दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं. मधे सत्तर डोकी.

अप्पांनी मान खाली घातली आणि घाव घातला.

बऱ्याच घावांनंतर तो आवाज आला. फार मोठा नव्हता. वाळलेली काटकी पायाखाली मोडावी तेवढाच. पण त्या चकत्यांनी तो पकडला, भोंग्यांनी तो सगळ्या शेडभर फेकला, आणि पाठोपाठ घंगाळातून एक फुटका, घोगरा सूर निघत राहिला, कुणीतरी गळा दाबल्यासारखा. निखिलेशनं हळूहळू बटण फिरवून तो विझवला. मग शांतता. मग टाळ्या.

लोक उभे राहिले हो. उभे राहून टाळ्या.

अप्पांनी वर पाहिलं. सत्तर माणसं हात बडवतायत. त्यांचा चेहरा उजळला. मी बापाला असं हसताना लग्नाकार्यातही पाहिलं नाही. हातोडी बाजूला ठेवून त्यांनी हात जोडले, डावीकडं जोडले, उजवीकडं जोडले, आणि मग सवयीनं घंगाळाच्या काठावरून अंगठा फिरवला. अंगठा मधेच थांबला. मागे गेला. पुन्हा त्याच जागी थांबला.

मी चटया तुडवत पोचलो तेव्हा त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून घंगाळावर टाकला होता. लोक पुढं येत होते, त्यांच्या पायाला हात लावत होते, आणि अप्पा बोटं पंच्याखाली ठेवून मान हलवत होते.

"काय शेवट होता!" मैथिली मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. "तो ठरवलेला होता?"

"भांडं तडकलंय," मी म्हणालो.

"हो ना!" निखिलेश म्हणाला. तो थरथरत होता आनंदानं. "तेच तर. धातू बोलला. अरे, असं मिळत नाही कधी."

"देवीचं घंगाळ आहे ते."

"माहितेय. म्हणूनच तर त्याला वजन आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं असावं. "हे बघ, दुसरं करू ना आपण. पत्रा मी आणून देतो. काका काय, एका आठवड्यात करतील."

दोन महिन्यांचं काम. मी अप्पांकडे गेलो. "चला घरी."

"तीनचा कार्यक्रम आहे ना?"

"गेला खड्ड्यात."

"शब्द दिलाय," अप्पा म्हणाले. "थांबू." त्यांनी जेवण घेतलं नाही. नाचणीचं काहीतरी कागदी ताटलीत आणून दिलं होतं, ते तसंच बाजूला राहिलं. पंच्याखालून हात काढला नाही.

तीनला कार्यशाळा. पत्रकातलं नाव: 'खोल ऐकणं: कारागिरासोबत दोन तास.' पंचवीसेक लोक गोल करून बसले. मधे अप्पा, घंगाळ, पंचा. निखिलेशनं सगळ्यांना सांगितलं, डोळे मिटा, श्वास ऐका, श्वासाच्या मागचं ऐका. मग म्हणाला, "आता सकाळचा एक क्षण मी पुन्हा वाजवतो."

आणि त्यानं तो तडा वाजवला.

एकदा वाजवला. मग हळू करून वाजवला. मग इतका हळू करून, की दार करकरत उघडावं तसा तो अर्धा मिनिट चालला. लोक माना हलवत होते. अप्पा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, काय चाललंय ते कळेना.

एक मुलगी होती, कॉलेजातली, भली वाटली. ती अप्पांच्या समोर सरकली. "काका, त्या क्षणी तुम्हाला काय ऐकू आलं?"

तिचे ओठ अप्पांना नीट दिसले नसावेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निखिलेशनं लगेच माइक पुढं केला. "भालचंद्र, तू विचार त्यांना."

मी माइक घेतला. उभा राहिलो.

"काही ऐकू आलं नाही त्यांना," मी म्हणालो. "माझा बाप बहिरा आहे. ठार बहिरा. सहा वर्षं झाली. ज्यांच्याकडून तुम्ही ऐकायला शिकताय त्यांना तुमच्यातल्या एकाचाही शब्द ऐकू आलेला नाही. तो आवाज तुम्ही तीनदा ऐकलात ना? ते भांडं मेलं त्याचा आवाज आहे तो. आमच्याकडं पोरगंसुद्धा तो आवाज ऐकून हातोडी खाली टाकतं. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. अहो, रस्त्यात कुणाचा पाय मोडला आणि हाड वाजलं तर टाळ्या वाजवता काय? ह्या माणसाला मी म्हणालो होतो, आम्हाला शेजारी बसू दे. ह्याला अंगातून आरपार पाहिजे होतं! जिथं ह्यांचा तळवा असतो तिथं ह्यानं यंत्र चिकटवलं. माझा बाप हातानं ऐकतो, भाड्या. त्याचा हातच बंद केलास तू."

कुणी हललं नाही. इतकं बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग निखिलेश अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "हे तू आधी का नाही सांगितलंस? हे... हे तर सगळं कामच बदलून टाकतं."

ती मुलगी रडायला लागली. मैथिली मॅडम मागून पुढे आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उद्याच्या चर्चासत्रात हे असंच बोलाल का तुम्ही? असंच, ह्याच शब्दांत?" आणि कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली. पाठोपाठ आणखी दोघांनी.

मी पंचा ओढला आणि त्या दोन्ही चकत्या नखांनी उचकटून निखिलेशच्या पायाशी फेकल्या. मग अप्पांकडे वळलो.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी बोलायला लागल्यापासून बघत होते. सगळ्या जगात त्यांना सगळ्यात नीट वाचता येणारे ओठ माझे होते, आणि मी पंचवीस लोकांसमोर उभा राहून 'माझा बाप बहिरा आहे' म्हणालो होतो. त्यांनी मनगटावरची पिवळी पट्टी दातांनी तोडली, घंगाळ पंच्यात बांधलं आणि उठले.

निखिलेशनं पुढं त्या तड्याचं काम केलं. परदेशात कुठं तरी अंधाऱ्या खोलीत वाजतं म्हणे. शेजारी पाटी आहे, तीत अप्पांचं नाव आहे. आता नाव आहे. नावापुढं कंसात 'कर्णबधिर तांबट'.

फाटकाबाहेर रिक्षा मिळाली. चारचं ऊन होतं. घंगाळ अप्पांनी मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी कवेत धरलं. पूल ओलांडेपर्यंत मी बोलत होतो, त्यांना दिसावं म्हणून अर्धा वळून बसून, एकेकाची आईमाई काढत होतो.

"दामूला मीच सांगतो," अप्पा मधेच म्हणाले.

"तुम्ही कशाला? मी सांगतो त्यांना, त्या हरामखोरानं..."

"कान गेलाय म्हणून सांगतो. लपवलं म्हणून सांगतो. समाजाला पुढचं बघायला लागेल, आठच दिवस आहेत. देवीचं अडता कामा नये." मग म्हणाले, "दामू हसेल."

"अप्पा, चूक त्या निखिलेशची आहे."

"त्याचं सोड. तो परका माणूस. त्याला काय ठाऊक तांबं?"

रिक्षा सिग्नलला थांबली. अप्पांनी घंगाळ मांडीवर जरा सावरलं.

"मघाशी उठलास," ते म्हणाले. "एवढ्या माणसांत माइक घेतलास. कुणाला भ्यायला नाहीस. मी सगळं वाचत होतो."

मी सिग्नलच्या दिव्याकडे बघत राहिलो.

"सकाळी का नाही उठलास?"

आवाज चढला तेव्हा मी ओळखला होता. निखिलेशच्या आधी ओळखला होता. माझी हातोडी हातातच थांबली होती, डावा हात कळशीवरून उचललाही गेला होता. अप्पांनी तिसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं तेव्हा सत्तर डोकी मधे होती, पण हात वर करायला डोकी आड येत नाहीत. मी तो मुद्दाम खाली ठेवला. निखिलेशच्या दोन बोटांसाठी नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांचा चेहरा मऊ झाला होता, आणि त्या आमचा आवाज ऐकत होत्या. आमचा. तो पातळ, लांबलचक आवाज इतका सुंदर कधी वाजलाच नव्हता, कारण आळीत आम्ही तो येताक्षणी थांबवायचो. मला तो अजून थोडा ऐकायचा होता. एक घाव. अजून एक. मी घाव मोजत होतो. अकरा मोजले.

"भालू," अप्पा म्हणाले. "तुला ऐकू आलं होतं ना?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओठ हलू दिले नाहीत.